सहा बीप आणि मुका की-बोर्ड: ४८६ च्या बोर्डाचे जंपर चुकलेत का?

पाचव्होल्ट

नमस्कार मंडळी. तीन रविवार एका बोर्डापुढे गेले. चौथा इथे विचारून मगच घालवावा म्हणतो.

मदरबोर्ड ४८६ या जुन्या सीपीयूचा. १९९५ साली मी स्वतः जोडलेल्या पहिल्या मशीनमधला. सॉकेट ३, कार्डांसाठी तीन व्हीएलबी स्लॉट, बाकीचे आयसा, ७२ पिनी सिमच्या (रॅमच्या पट्ट्यांच्या) चार जागा, एएमआय कंपनीचं बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम). बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापलेलं नाही. मॅन्युअल म्हणून एक पातळ चोपडं आलं होतं, ते केव्हाच गेलं. सॉकेटमध्ये पहिल्या दिवसापासूनचाच इंटेल डीएक्स२-६६ आहे, एक १६ एमबीची सिम, व्हीएलबीवर डिस्प्ले कार्ड, आयसावर आयओ कार्ड आणि त्याला फ्लॉपी. हार्ड डिस्क मुद्दाम लावलेली नाही.

बोर्ड बरीच वर्षं माळ्यावर होता. पाचेक वर्षांपूर्वी खाली काढला तेव्हा त्या निळ्या पिंपासारख्या बॅटरीतून हिरवं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. बॅटरी कापून टाकली, टूथब्रशने हिरवी पूड झाडली, मशीन लावून बघितलं. चाललं. पुन्हा माळ्यावर.

दोन महिन्यांपूर्वी एएमडीचा ५एक्स८६-१३३ हाती लागला आणि माझी बुद्धी फिरली. तो बसवायचा म्हणून जंपर (पिनांवर टोपी बसवून करायच्या सेटिंगा) बघायला घेतले. या बोर्डावर जंपरचं अक्षरशः जंगल आहे, आणि छापलेली अक्षरं अर्धी स्लॉटखाली. तीन टोप्या काढल्या, मग धीर सुटला, परत लावल्या. आधी फोटो काढला होता, पण नेमक्या त्या कोपऱ्यावर माझ्याच अंगठ्याची सावली पडलीय. आता टेबलावर एक टोपी उरली आहे आणि ती कुठली ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ५एक्स८६ अजून डबीतच आहे, सॉकेटला लावायची हिंमत केलेली नाही.

तेव्हापासून असं होतंय. चालू केलं की पाचातल्या चार वेळा पडदा काळा आणि सहा बीप. पाचव्या वेळी रॅम मोजतो, सीमॉस (सेटिंग साठवणारी मेमरी) रिकामं असल्याची तक्रार करतो (बॅटरीच नाही, ते ठीक आहे) आणि वर सांगतो की की-बोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा. तो विनोद कृपया कुणी करू नये, तीन रविवार मीच करतोय. क्वचित एफ१ लागतोही. मग फ्लॉपीवरून डॉस ६.२२ येतं आणि हायमेम (एक एमबीच्या वरची मेमरी उघडणारा ड्रायव्हर) म्हणतं, ए-२० लाइन ताब्यात येत नाही. एकदा डीआयआर टाइप केलं तर ‘डी’ उमटला, पुढची दोन अक्षरं कुठे गेली कळलंच नाही.

सिम तीन बदलून झाल्या, डिस्प्ले कार्ड बदललं. की-बोर्डही दोन बदलले, दोन्ही दुसऱ्या मशीनवर ठणठणीत चालतात. इथे सुरू करताना की-बोर्डचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकतात, म्हणजे वीज पोचते. आणखी एक गंमत: की-बोर्डचा प्लग बोटाने वर उचलून धरला की मशीन जास्त वेळा उठतं. सॉकेट सैल झालं असेल, ते नंतर बघेन.

तर जंपर चुकला असेल तर कोणता, आणि मॅन्युअलशिवाय तो शोधायचा कसा?


बायोसबदलू

बायोसची चिप गेलीय. जुन्या ईप्रॉमवरचं स्टिकर निघालं की प्रकाशाने डेटा उडतो. दुसरी चिप लिहून घ्या आणि बसवा, पाच मिनिटांचं काम.


काळ्यालाकाळा

बायोसबदलू, चिप गेली असती तर बीप कुणी वाजवले? बीप वाजवणारा प्रोग्राम त्याच चिपमध्ये असतो. चेकसम (चिपमधल्या डेटाची पडताळणीची बेरीज) चुकला तर एएमआय नऊ बीप देतं, सहा नाही.

पाचव्होल्ट, आधी जंपरांपासून हात लांब घ्या. ती उरलेली टोपी एखाद्या पाकिटात टाका आणि विसरा.

आता सहा बीप वाजतात याचा अर्थ नीट बघा. सीपीयूला योग्य व्होल्टेज मिळालं, क्लॉक मिळालं, त्याने बायोस वाचलं, चालवलं, पहिली ६४ केबी रॅम तपासली, टायमर तपासला, स्पीकर वाजवला. हे सगळं पार पडल्याशिवाय सहाव्या बीपपर्यंत गाडी पोचतच नाही. पहिल्या ६४ केबीत गडबड असती तर तीन बीप आले असते, टायमरला चार, सीपीयूला पाच. म्हणजे व्होल्टेजचे, वेगाचे, गुणकाचे जंपर जागेवर आहेत. शिवाय पाचातल्या एका वेळी मशीन उठतं. चुकलेला जंपर दर वेळी सारखाच चुकतो, तो कधी बरोबर आणि कधी चूक असं करत नाही. कधी हो कधी नाही म्हणतं ते कनेक्शन.

एएमआयचे सहा बीप म्हणजे ८०४२, गेट ए-२०. ८०४२ म्हणजे की-बोर्ड कंट्रोलर, ती ४० पायांची लांबट चिप, बहुतेक बोर्डांवर की-बोर्डच्या सॉकेटजवळच सापडते. बऱ्याचदा तिच्यावर बायोसवाल्याचंच स्टिकर असतं आणि लोक तिलाच बायोस समजून उपटतात.

आता की-बोर्डच्या चिपचा आणि मेमरीचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिल्यांदा ती चेष्टाच वाटली होती. ८०८६ ला अ‍ॅड्रेसच्या २० लाइनी होत्या, ए-० ते ए-१९. एक एमबीच्या पलीकडचा पत्ता दिला की तो गुंडाळून परत शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्राम त्या गुंडाळण्यावर विसंबून होते. १९८४ साली आयबीएमने २८६ वर पीसी-एटी काढला, त्याला २४ लाइनी. गुंडाळणं बंद झालं, तर जुने प्रोग्राम कोसळणार. म्हणून एकविसावी लाइन, म्हणजे ए-२०, हवी तेव्हा दाबून ठेवायचं एक गेट बसवलं. ते उघडझाप करायला एक मोकळी पिन हवी होती, आणि ती की-बोर्ड कंट्रोलरवर शिल्लक होती. झालं. तेव्हापासून एक एमबीच्या वरची मेमरी की-बोर्डच्या चिपच्या परवानगीने चालते. तुमच्या बोर्डापर्यंत ही परंपरा शाबूत आहे.

म्हणजे सहा बीप, हायमेमची तक्रार आणि मुका की-बोर्ड हे तीन आजार नाहीत, एकाच चिपच्या आसपासचा एकच आजार आहे. आणि ज्या गोष्टीला तुम्ही गंमत म्हणून शेवटी टाकलंत, प्लग वर उचलला की मशीन उठतं, ते तर मी सगळ्यात आधी वाचलं असतं. प्लग उचलला की बोर्डाचा तो कोपरा किंचित वाकतो आणि तुटलेली रेघ टेकते. ती निळी बॅटरी कुठे होती? पैज लावतो, त्याच कोपऱ्यात.

ती निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी. तिच्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कली. बॅटरी कापल्याने ते थांबत नाही. हिरव्या वार्निशखाली शिरलेलं ओलाव्यावर वर्षानुवर्षं तांबं खात राहतं. टूथब्रशने तुम्ही वरची पूड झाडलीत, आतली तशीच राहिली.

आता काम. मशीन बंद, पॉवरचे दोन्ही कनेक्टर काढलेले. परत लावताना पी८ आणि पी९ च्या काळ्या तारा मधे एकमेकींना चिकटून असल्या पाहिजेत. उलटे लावलेत तर पुढचं काही वाचायची गरज उरणार नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे, आणि ते नाव मला फुकट मिळालेलं नाही.

मल्टिमीटर बझरवर ठेवा. की-बोर्डचं गोल सॉकेट पाच पिनी डिन आहे. त्याच्या पिनांचे आकडे ओळीने नसतात, कडेने मोजत गेलात तर १, ४, २, ५, ३ असे येतात. बहुतेक जण इथेच फसतात. ४ ही ग्राउंड, ५ वर पाच व्होल्ट, १ क्लॉक, २ डेटा. ग्राउंड आधी शोधा, तिच्या शेजारची टोकाची पिन म्हणजे १, आणि बरोबर मधली २.

चिपवर खाचेच्या डावीकडचा पहिला पाय १, खाली २० पर्यंत, मग समोरून २१ पासून वर ४० पर्यंत. डिनची १ चिपच्या १ ला आणि डिनची २ चिपच्या ३९ ला पोचली पाहिजे. मधे एखादा फेराइटचा काळा मणी किंवा रेझिस्टर असू शकतो, तेव्हा बझर वाजला नाही तर ओममध्ये मोजा. पाय २१ सीपीयूला रीसेट करतो, पाय २२ म्हणजे तुमचं गेट ए-२०. तो चिपसेटकडे, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणाऱ्या मुख्य चिपांकडे जातो. बोर्ड उलटा करून, तिरक्या उजेडात, २२ पासूनची रेघ नजरेने चालत जा. जिथे तांबूस-हिरवी दिसायची थांबून काळी होते तिथे थांबा.

मोजताना प्लग हलवून बघा. आणि एक सोपी चाचणी आधीच करून टाका: फ्लॉपीवरच्या कॉन्फिगमध्ये हायमेमच्या ओळीत मशीन:२ हा स्विच लिहा. त्याने हायमेम की-बोर्डच्या चिपला न विचारता पोर्ट ९२ मधून ए-२० उघडायला जातं. तुमच्या चिपसेटला ते येत असेल तर तक्रार बंद होईल, आणि दोष कुठल्या वाटेवर आहे ते पेचकस न उचलता कळेल.


पाचव्होल्ट

काळ्यालाकाळा, पैज जिंकलात. बॅटरी की-बोर्डच्या सॉकेटपासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर होती.

हायमेमची चाचणी आधी केली. फ्लॉपी दुसऱ्या मशीनवर नेऊन कॉन्फिग बदलली, मग इकडे नशिबाची वाट बघत बसलो. अकराव्या वेळी उठलं. मशीन:२ ने हायमेम निमूट बसलं, वरची मेमरी दिसली. स्विच काढला, पुन्हा तीच तक्रार.

मग मल्टिमीटर. डिनची २ ते चिपची ३९: काही ओम, ठीक. डिनची १ ते चिपची १: बझर गप्प. प्लग आत घालून वर उचलला, बझर वाजला. सोडला, गप्प. हे मी पंधरा वीस वेळा केलं असेन. इतके दिवस छळणारी गोष्ट बोटाच्या टोकावर वाजती-बंद होताना बघायला फार बरं वाटतं.

पाय २२ ची रेघ पाठीमागून निघते, बॅटरीच्या जागेखालून जाते, एका बारीक आरपार भोकातून वरच्या बाजूला येते आणि चिपसेटकडे वळते. भोकापर्यंत नुसती मळकी आहे. भोकाच्या कडेचं तांबं मात्र नाहीच. भिंगातून बघितलं तर तिथे हिरवट कड असलेलं काळं भोक, दात किडल्यासारखं. सुईचं टोक लावलं तर वार्निशचा पापुद्रा उचलला गेला आणि खालून रेघेऐवजी पूड निघाली.

चिप सॉकेटमधून काढली. बॅटरीच्या बाजूचे चार पाय हिरवे. एक पाय (१८) काढतानाच मुळापासून हलायला लागला, तो अजून तुटलेला नाही पण माझ्याकडे रागाने बघतोय.

आता धुऊ कशाने? आणि तार कुठून कुठे ओढू? भोकात सोल्डर भरला तर चालेल का?


काळ्यालाकाळा

भोकात सोल्डर भरू नका. खाल्लेल्या तांब्यावर सोल्डर बसत नाही, गोळी होऊन लोळतो, आणि ज्या दिवशी बसल्यासारखा वाटेल तो दिवस फसवा असतो.

पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून, कापसाच्या काडीने. अल्कलीला सौम्य आम्ल. हिरव्या जागी थोडं फसफसेल, थांबेपर्यंत काडी बदलत राहा. व्हिनेगर मागे राहता कामा नये, म्हणून लगेच डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल. नंतर बोर्ड उभा करून एक दिवस वाळू द्या. एक दिवस म्हणजे एक दिवस. रविवारी संध्याकाळी घाई करून ओला बोर्ड लावलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

वार्निश जिथे काळं किंवा फुगलेलं आहे तिथे ते खरवडून काढा, खाली चकचकीत तांबं लागेपर्यंत. उघडं तांबं लगेच पातळ सोल्डरने झाकून टाका. जिथे रेघ संपली आहे तिथे जोडायचा मोह सोडा, सरळ बायपास करा. इनॅमलची बारीक तार घ्या. एक तार पाय २२ च्या सॉकेटच्या पाठीमागच्या टोकापासून चिपसेटच्या बाजूच्या पहिल्या धडधाकट भोकापर्यंत, दुसरी क्लॉकची, डिनच्या १ पासून चिपच्या १ पर्यंत. मधे मणी असेल तर तो धरून, त्याला वगळून नाही. तारेचं टोक आधी सोल्डरने माखून घ्या म्हणजे इनॅमल जळेल.

सॉकेट जुनं असेल तर त्याच्या आतली पानंही हिरवी झालेली असतात. शक्य असेल तर सॉकेटच बदला. पाय १८ चं म्हणाल तर तो डेटाचा पाय, नसून चालणार नाही. तुटलाच तर चिपच्या अंगात उरलेल्या ठुंब्याला रेझिस्टरचा कापलेला पाय जोडता येतो, मी केलंय, चालतं.

आणि आता जंपरांचं ज्यांना वेड आहे त्यांनी बोलावं. मला त्या ५एक्स८६ मध्ये रस नाही. ६६ पुरे असतो.


निद्रानाश_३३

६६ पुरे असतो म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

पाचव्होल्ट, बोर्ड डीएक्स२-६६ वर नीट उठू द्या, दोनतीन दिवस चालू द्या, मगच हे करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा इथेच.

५एक्स८६-१३३ साठी तुम्हाला फक्त दोन गोष्टी बदलायच्या आहेत. बोर्डाच्या बसचा वेग ३३ मेगाहर्ट्झच राहतो, डीएक्स२ ला ३३ गुणिले २, याला ३३ गुणिले ४. त्यामुळे क्लॉकच्या जंपरना हात लावायचा नाही, व्हीएलबीच्या वेट स्टेटलाही नाही. उरलं व्होल्टेज आणि गुणक.

व्होल्टेज आधी. तुमचा डीएक्स२ पाच व्होल्टवर चालतो, ५एक्स८६ ला ३.४५ लागतात. पाचावर लावलात तर तो नको तितका तापेल. सॉकेटजवळ तीन पायांचा रेग्युलेटर असेल, पाठीला हीटसिंक लावलेला. असेल तर बोर्ड कमी व्होल्टेज देऊ शकतो, आणि त्याच्या आसपासचा टोप्यांचा गठ्ठा तोच निवडण्यासाठी आहे. छापील अक्षरांवर विश्वास ठेवू नका. सीपीयू काढा, टोप्या हलवा, मशीन चालू करा आणि रिकाम्या सॉकेटच्या वीज-पिनांवर मोजा. कुठल्या पिना त्या ४८६ च्या डेटाशीटमधल्या आकृतीत आहेत. मीटरवर ३.४ आणि ३.५ च्या मधला आकडा दिसत नाही तोवर डबी उघडायची नाही.

गुणकाची गंमत अशी. ५एक्स८६ ला ‘चौपट’ असा वेगळा जंपर नसतो. त्याची आर-१७ ही पिन ग्राउंडला टेकवली की चारपट, मोकळी सोडली की तिप्पट. हीच पिन इंटेलच्या डीएक्स४ वर ग्राउंड केली तर दुप्पट होते. म्हणून ज्या बोर्डाला फक्त डीएक्स४ माहीत आहे त्यावर ‘दुप्पट’ निवडलंत की एएमडीवाला ती चौपट समजतो. जुन्या बोर्डांवर १३३ येतं ते असं.

तो जंपर शोधायला मॅन्युअल लागत नाही. ओळी ए पासून एस पर्यंत, आय आणि ओ सोडून, अशा सतरा. ए-१ च्या तिरक्या समोरचा कोपरा एस-१७, त्याला चिकटलेल्या दोन भोकांपैकी एक आर-१७. कुठलं ते आकृतीत बघा. सावधान: सॉकेट ३ ला बाहेरून भोकांची एक जास्तीची रांग आहे, सगळीकडून. ती सोडून आत मोजायचं. मी पहिल्यांदा बाहेरच्या रांगेत मोजत बसलो आणि अर्धा तास एका पिनेची वंशावळ शोधली जिला पूर्वजच नव्हते. मीटरचं एक टोक त्या भोकात बारीक तारेने, दुसरं एकेका जंपरच्या पिनेवर फिरवा. जिथे बझर वाजेल तो जंपर.

कॅश सुरुवातीला राइट-थ्रूवर (लिहिलेलं लगेच रॅममध्येही जातं) ठेवा. ५एक्स८६ च्या आतली १६ केबी कॅश राइट-बॅक (रॅममध्ये मागाहून लिहिणं) करू शकते, पण त्यासाठी बोर्डाचं आणि बायोसचंही एकमत लागतं. एकमत नसेल तर मशीन उठतं, चालतं, आणि फ्लॉपीवरची फाइल गुपचूप बिघडवतं. पंखा लावा. बायोसने नाव डीएक्स४ दाखवलं तर रागावू नका, त्याच्या जन्मानंतर आलेला सीपीयू आहे तो.

एक आगाऊ प्रश्न: बाहेरच्या कॅशच्या चिपा खऱ्या आहेत ना? त्या काळी काही बोर्डांवर नुसत्या प्लास्टिकच्या चिपा बसवलेल्या असत, आत काहीही नाही, पाय कुठेही न जाणारे. डॉसमध्ये कॅशचेक हा मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवून बघा. २५६ केबीच्या आसपास वेग पायरीसारखा उतरायला हवा. उतार सीपीयूच्या आतल्या कॅशपाशीच संपला तर तुमच्या बोर्डावर दागिने आहेत.

आणि ती उरलेली टोपी. बॅटरीशेजारी चार पिनांची एक रांग आहे का? बऱ्याच बोर्डांवर तिथे मधल्या दोन पिनांवर टोपी असली की आतली बॅटरी जोडलेली राहते, आणि बाहेरची लावायची असेल तर टोपी काढून पहिल्या आणि चौथ्या पिनेवर लावतात. तुम्ही बॅटरी कापलीत तेव्हा टोपीही काढली नव्हतीत ना?


पाचव्होल्ट

नऊ दिवसांनी हजर आहे. क्रमाने सांगतो.

व्हिनेगरला बोर्डाने चांगलाच प्रतिसाद दिला, तिसऱ्या काडीपर्यंत फसफसत होता. एक दिवस वाळवला. (दीड.) क्लॉकच्या रेघेत मणी होताच, तो तसाच ठेवून पुढचा तुकडा तारेने जोडला. पाय २२ ची तार सात सेंटीमीटरची झाली, लाल इनॅमल, पाठीवर शस्त्रक्रियेच्या टाक्यासारखी दिसते. सॉकेट बदललं. पाय १८ तुटला. रेझिस्टरचा पाय जोडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा बसला. त्या दिवशी माझ्या हातून झालेली सगळ्यात बारीक गोष्ट ती होती आणि बघायला घरात कुणी जागं नव्हतं.

पॉवर लावताना काळ्याला काळा आहे का ते तीनदा बघितलं. मशीन पहिल्या फटक्यात उठलं, एकच बीप. प्लग हलवला, ओढला, टिचक्या मारल्या. एफ१ चालला. हायमेम स्विचशिवाय बसलं. चार दिवसांत चाळीसेक वेळा बंद-चालू केलं, सहा बीप एकदाही नाहीत.

मग ५एक्स८६. रेग्युलेटर होता. पहिल्या प्रयत्नात मीटरने ४.०१ दाखवलं, टोपी एक घर सरकवल्यावर ३.४७. आर-१७ सापडायला वीस मिनिटं लागली. हो, मीही आधी बाहेरच्या रांगेत मोजलं, तुम्ही सांगितलेलं असूनही. जंपर निघाला व्हीएलबीच्या पहिल्या स्लॉटखाली, जिथे छापलेलं काहीच वाचता येत नाही. टोपी लावली, सीपीयू बसवला, पंखा लावला. बायोस म्हणतं डीएक्स४. डॉसमधल्या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने १३३ दाखवलं. अर्धा तास चालल्यावर हीटसिंकला हात लावला, कोमट.

कॅशचेकमध्ये उतार २५६ केबीला आला. चिपा खऱ्या आहेत. पाय जातात कुठेतरी.

उरलेल्या टोपीबद्दल निद्रानाश बरोबर. बॅटरीशेजारी चार पिनांची रांग आहे आणि मधल्या दोन पिना रिकाम्या आहेत. पाच वर्षांपूर्वी बॅटरी कापताना ती मीच काढून कुठल्याशा डबीत टाकली असणार. जंपर बघताना काढलेल्या तिन्ही टोप्या मी बरोबर जागी परत लावल्या होत्या. ज्या चुकीसाठी तीन रविवार स्वतःला शिव्या दिल्या ती मी केलीच नव्हती.

आता पहिल्या आणि चौथ्या पिनेवर सीआर२०३२ चं घर लावतोय, म्हणजे तारीख-वेळ आणि सीमॉस टिकेल. लावू ना सरळ?


काळ्यालाकाळा

सरळ नाही. मूळ बॅटरी चार्ज होणारी होती, बोर्ड तिला वीज देत असतो. सीआर२०३२ चार्ज करायची नसते, केली तर फुगते किंवा फुटते. काही बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीच्या वाटेत डायोड आधीच असतो, काहींवर नसतो. सेल न लावता मशीन चालू करा आणि त्या पहिल्या व चौथ्या पिनेमध्ये मोजा. व्होल्टेज दिसलं तर एक डायोड घाला, पट्टी बोर्डाच्या बाजूला. शॉटकी जातीचा असेल तर बरं, व्होल्टेज कमी खातो आणि तीन व्होल्टमधून फार गमवायला परवडत नाही.


पाचव्होल्ट

मोजलं. ४.१ व्होल्ट. डायोड घातला, पट्टी बोर्डाकडे. आता सेलच्या घराच्या टोकांवर, सेल नसताना, मशीन चालू असताना: ०.००.

तारीख लावली, रात्रभर बंद ठेवलं. सकाळी घड्याळ चार सेकंद मागे आहे.